समुद्रतळावर सोडून दिलेल्या तेल-वायू पाइपलाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या आखातात अमेरिकी सरकारच्या मालकीच्या समुद्रतळावर वापरात नसलेल्या पाइपलाइनचे जाळे पसरलेले आहे. त्या बंद कशा करतात, परवानगी कोण देते, काम झाले की नाही हे कोण पाहते आणि पुढे त्यातून काही निघाले तर निस्तरायचे कोणी, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. (2025 पासून अमेरिकी सरकारी कागदपत्रांत या आखाताचे नाव 'गल्फ ऑफ अमेरिका' असे येते. जुनी कागदपत्रे शोधताना दोन्ही नावे वापरावीत.)

समुद्रतळ ही सरकारी जमीन कशी?

1953 साली अमेरिकी काँग्रेसने दोन कायदे केले. पहिल्याने किनाऱ्यालगतचा पट्टा राज्यांना दिला. लुइझियानासाठी तो 3 सागरी मैल आहे, तर टेक्सास आणि फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यासाठी 9. दुसऱ्या कायद्याने त्यापलीकडचा खंडीय मंच, म्हणजे खंडाचा समुद्राखाली पसरलेला भाग, संघीय सरकारकडे ठेवला. तिथे तेल कंपनीला जमीन विकत मिळत नाही. मिळतो तो भाडेपट्टा, आणि पट्ट्याबाहेरून पाइपलाइन न्यायची असेल तर 200 फूट रुंदीचा मार्गहक्क. हक्क संपला की जागा मोकळी करून परत द्यायची, हे त्यात गृहीतच आहे.

देखरेख नेमकी कोणाची?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण संस्था तीन आहेत. गृह विभागाच्या (हे आपल्याकडचे गृह खाते नव्हे, ते तिथे सार्वजनिक जमिनी आणि खनिजे सांभाळते) अखत्यारीत दोन संस्था येतात. बीओईएम पट्टे देते आणि आर्थिक हमी घेते. बीएसईई सुरक्षितता, तपासणी आणि डीकमिशनिंग (वापर संपलेली लाइन किंवा यंत्रणा कायमची बंद करणे) पाहते. 2010 च्या डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीवरच्या दुर्घटनेनंतर जुनी संस्था मोडून 1 ऑक्टोबर 2011 रोजी या दोन वेगळ्या केल्या. तिसरी संस्था परिवहन विभागाची पीएचएमएसए. उत्पादक कंपनीकडून वाहतूक कंपनीकडे पाइपलाइनचा ताबा जिथे जातो, त्या बिंदूपासून पुढची लाइन तिच्याकडे. ही वाटणी 1996 च्या करारानुसार चालते. एकाच नळीचे दोन तुकडे दोन खात्यांकडे असू शकतात, त्यामुळे तक्रार करण्याआधी तुकडा कोणाचा ते पाहून घ्यावे.

पाइपलाइन 'निवृत्त' कधी धरतात?

कंपनीने वापर थांबवला म्हणून ती निवृत्त होत नाही. बंद राहिलेल्या काळानुसार नियमाचे तीन टप्पे आहेत. वर्षभरापर्यंत बंद असेल तर दोन्ही टोकांना ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी भरीव चकती) लावायचा किंवा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. एक वर्षाहून जास्त पण पाच वर्षांहून कमी असेल तर लाइन धुऊन गंजरोधक मिसळलेले समुद्राचे पाणी भरून ठेवायचे. पाच वर्षे झाली की डीकमिशनिंग सक्तीचे.

मधला टप्पाच सगळ्यात जास्त रेंगाळतो. 'पुढे जोडणी मिळेल' या आशेवर लाइन वर्षानुवर्षे 'आउट', म्हणजे तात्पुरती बंद, दाखवली जाते. तेवढ्या काळात प्लॅटफॉर्म काढला जातो, पंप जातात, नळी आतून साफ करणारा पिग सोडायची सोयही जाते. मग पाचव्या वर्षी तेच काम दुपटीने अवघड होऊन बसते.

जागेवरच सोडायला परवानगी कशी मिळते?

बीएसईईच्या प्रादेशिक पर्यवेक्षकाला तीन गोष्टींची खात्री पटावी लागते: लाइन नौकानयन आणि मासेमारीला अडथळा ठरत नाही, समुद्रतळाच्या इतर वापरात अवाजवी आड येत नाही आणि पर्यावरणावर वाईट परिणाम करत नाही. नियमाची रचना पाहिली तर ही पर्यवेक्षकाने तपासून द्यायची मुभा आहे. प्रत्यक्षात मात्र तोच रिवाज झाला आहे. त्याचे आकडे पुढे येतील.

अर्जात काम का करायचे, कोणत्या पद्धतीने करायचे, किती फूट लाइन बंद होणार आणि किती फूट वापरात राहणार, हे लिहावे लागते.

प्रत्यक्ष काम कसे होते?

नियमात क्रम दिला आहे, तो असा. आधी पिग फिरवायचा. पिग म्हणजे नळीच्या आतून दाबाने ढकलला जाणारा फोमचा किंवा रबरी चकत्यांचा बोळा. तो मेण, गाळ आणि साचलेला द्रव पुढे लोटत नेतो. जिथे हे शक्य नाही तिथे पर्यवेक्षक सूट देऊ शकतो. मग लाइन पाण्याने धुवायची आणि ती समुद्राच्या पाण्याने भरून ठेवायची. त्यानंतर दोन्ही टोके कापून प्लगने बंद करायची. पर्यवेक्षकाने सांगितले तर टोके समुद्रतळाखाली किमान 3 फूट पुरायची किंवा त्यांवर काँक्रीटची मॅट टाकायची. इतर वापराला अडथळा ठरतील असे व्हॉल्व्ह आणि फिटिंग काढून न्यायचे.

काम संपल्यावर 30 दिवसांत अहवाल द्यायचा. त्यात कामाचा सारांश, पूर्ण झाल्याची तारीख, घेतलेली खबरदारी आणि 'मंजूर अर्जाप्रमाणेच काम झाले' असे कंपनीच्या प्रतिनिधीने सही करून दिलेले निवेदन असते. हे निवेदन लक्षात ठेवा. पुढची सगळी चर्चा याच कागदाभोवती फिरते.

धुवायला पाणी किती लागते?

उदाहरण म्हणून बाहेरचा व्यास 12¾ इंच आणि भिंतीची जाडी अर्धा इंच असलेली नळी घेऊ. आतला व्यास 11¾ इंच, म्हणजे किलोमीटरला सुमारे 70 घनमीटर. दहा किलोमीटरची लाइन एकदा भरायला 700 घनमीटर, म्हणजे सात लाख लिटर, म्हणजे जवळपास 4,400 बॅरल पाणी. तासाला 150 घनमीटर पंपिंग केले तर एका भरणीला पावणेपाच तास लागतात आणि आत पाण्याचा वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या आसपास राहतो. त्याच जाडीच्या 8⅝ इंची नळीला किलोमीटरला साधारण 30 घनमीटर पुरतात.

एका भरणीत काम होत नाही. दुसऱ्या टोकाला येणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत धुवावे लागते. खरी अडचण त्या घाण पाण्याची असते. ते प्लॅटफॉर्मवरच्या प्रक्रिया यंत्रणेत घ्यायचे, जुन्या विहिरीत सोडायचे की टाक्यांत भरून किनाऱ्यावर आणायचे, हे जहाज भाड्याने घेण्याआधी ठरलेले हवे. 4,400 बॅरल पाण्याला टाक्या कमी पडल्या की धुणे अर्धवट थांबते.

यात काय काय बिघडते?

जुन्या लाइनींना पिग सोडण्याची आणि घेण्याची सोय अनेकदा नसतेच. मध्येच व्यास बदललेला असतो, बाजूने दुसरी लाइन जोडलेली असते, वळण अरुंद असते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. पिग अडकला की त्याच्या मागे दाब वाढतो. जुनी, आतून गंजलेली नळी तो दाब सोसेल याची खात्री नसते, म्हणून जोर लावून तो पुढे रेटणे ही वाईट कल्पना आहे. अशा वेळी मऊ फोम पिग किंवा जेल वापरून पाहतात, नाहीतर पिगिंग सोडून नुसते पाणी फिरवतात.

नुसत्या पाण्याची मर्यादा अशी की ते मोकळ्या वाटेने निघून जाते. मेणाचा थर, तळाचा गाळ, बाजूच्या जोडणीतले तेल जागेवरच राहते. वरून येणारे पाणी स्वच्छ दिसते आणि अहवालात 'फ्लशिंग पूर्ण' लिहिले जाते. वायूच्या लाइनीत पाण्याला तवंग येत नाही, म्हणून ती स्वच्छ आहे असा समज होतो. पण काही वायूक्षेत्रांतल्या नळ्यांच्या भिंतींवर पारा किंवा नैसर्गिक किरणोत्सारी क्षारांचा थर बसलेला असतो, आणि तो पाण्याने निघत नाही.

अम्बिलिकल हा वेगळाच प्रकार. एका आवरणात बारीक नळ्या आणि तारांचा जुडगा असतो, त्यातून हायड्रॉलिक द्रव आणि गंजरोधक रसायने जातात. इतक्या बारीक नळ्यांत पिग जात नाही.

पाणबुड्यांना धोका कुठे असतो?

दाबाच्या फरकात. समजा 30 मीटर खोलीवर 12 इंची नळी आतून रिकामी आहे, आत हवेचा सामान्य दाब आहे. ती उघडली की त्या तोंडावर सुमारे सव्वादोन टनांचे ओढणारे बल तयार होते. हात किंवा पाय त्यात गेला की सुटका नाही. 25 फेब्रुवारी 2022 रोजी त्रिनिदादमधल्या पॉइंट-आ-पिएर येथे देखभालीचे काम चालू असताना पाच पाणबुडे 30 इंची नळीत ओढले गेले आणि त्यांपैकी एकच वाचला.

म्हणून कापण्याआधी लाइन पाण्याने भरून आतला-बाहेरचा दाब सारखा करतात, आधी लहान भोक पाडून पाहतात, आणि शक्य असेल तिथे माणसाऐवजी रोव्ह, म्हणजे दूरनियंत्रित वाहन, आणि हायड्रॉलिक कात्री वापरतात.

काढून नेण्याचे काम इतके का टाळतात?

पैसा हे पहिले कारण, पण एकमेव नाही. 8⅝ इंचापेक्षा मोठी लाइन 200 फुटांहून कमी खोलीत टाकताना किमान 3 फूट पुरावी लागते. ती वर आणायची तर पाण्याच्या झोताने माती उडवावी लागते आणि तळावरचे जीवन विस्कटते. काँक्रीटचे आवरण असलेली जुनी नळी उचलताना मधेच मोडते. वाकवून जहाजावरच्या रिळावर घेता येईल अशी लवचिक नळी क्वचित. बहुतेकदा 40 फुटांच्या आसपासचे तुकडे करून एकेक उचलावा लागतो. म्हणजे काही ठिकाणी जागेवर सोडणे खरोखरच शहाणपणाचे असते. आक्षेप सरसकट सोडण्यावर आहे.

काम नीट झाले की नाही हे पाहायला सरकारी माणूस पाण्याखाली जातो का?

साधारणपणे नाही. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, 2021 च्या अहवालात हे उघड सांगितले: बीएसईई बहुतेक वेळा काम चालू असताना हजर नसते, नंतर लाइन तपासत नाही, आणि कंपनीने दिलेल्या बऱ्याचशा पुराव्यांची पडताळणीही करत नाही. सोडलेली लाइन पुढे कुठे सरकली, उघडी पडली की काय, यावर नजर ठेवली जात नाही. अर्ज तपासतानाही दीर्घकालीन धोक्यांचा पुरेसा विचार होत नाही.

थोडक्यात, कागद येतो, कागद तपासला जातो, कागदावर शिक्का बसतो. देखरेखीचा मोठा भाग न्यू ऑर्लिन्सच्या कार्यालयात होतो.

त्याच अहवालाप्रमाणे 1960 च्या दशकापासून डीकमिशन झालेल्या एकूण लांबीपैकी 97 टक्के लाइन जागेवरच सोडल्या गेल्या. ही लांबी सुमारे 18,000 मैल, म्हणजे 29,000 किलोमीटर. चालू लाइन तेव्हा सुमारे 8,600 मैल होत्या. बंद लाइनींची लांबी चालू लाइनींच्या दुपटीहून जास्त.

आणि चालू लाइनींचीही पाण्याखालून तपासणी सक्तीची नव्हती. महिन्यातून एकदा वरून पाण्याचा पृष्ठभाग पाहणे आणि दाबमापकांवर विसंबणे, एवढीच व्यवस्था.

पाण्याने भरून पुरलेली नळी आपणहून हलते कशी?

मिसिसिपीच्या मुखाशी तळाचा चिखल भुसभुशीत आहे. चक्रीवादळाच्या लाटा तो हलवतात आणि पाण्याखाली दरडी कोसळतात. 2004 च्या आयव्हन वादळात अशाच चिखल-दरडीने टेलर एनर्जी कंपनीचा एक प्लॅटफॉर्म उलथला आणि त्याच्या विहिरींतून पुढे कित्येक वर्षे तेल येत राहिले. 2005 च्या कट्रिना आणि रीटा वादळांत मिळून 457 पाइपलाइनींचे नुकसान नोंदले गेले. 2021 च्या आयडा वादळानंतर पोर्ट फोर्शॉनच्या दक्षिणेला तेलाचा तवंग दिसला. पाणबुड्यांना तिथे चरातून बाहेर पडून फुटलेली फूटभर व्यासाची लाइन सापडली. जवळच 4 इंची दोन लाइन उघड्या तोंडाने पडल्या होत्या, त्या सोडून दिलेल्या असाव्यात असे दिसत होते. या कोणाच्या, हेच सुरुवातीला कळेना.

जहाजांचे नांगरही आहेतच. जानेवारी 2021 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन पेड्रो उपसागरात नांगराने ओढलेली 16 इंची लाइन ऑक्टोबरमध्ये तेल गळू लागल्यावर लक्षात आली. ती चालू लाइन होती! बंद लाइनीत दाबच नसतो, त्यामुळे काही झाले तरी कोणत्याही मापकाचा काटा हलत नाही.

कोळंबी पकडणाऱ्यांचे जाळे अडकले तर भरपाई मिळते का?

मिळते, पण घड्याळ लावून. फिशरमेन्स कंटिंजन्सी फंड 1978 च्या कायद्याने सुरू झाला आणि तो अमेरिकी सरकारचा मत्स्यविभाग चालवतो. बंदरावर परतल्यापासून 15 दिवसांत प्राथमिक कळवणी दिली तर नुकसान तेल-वायू कामातल्या अडथळ्यामुळेच झाले असे गृहीत धरायला मदत होते. पूर्ण दावा 90 दिवसांत करायचा. जाळ्याची किंमत आणि बुडालेल्या उत्पन्नाचा अर्धा भाग मागता येतो. अडथळा आधीच नकाशावर नोंदलेला किंवा बोयाने दाखवलेला असेल तर दावा फेटाळला जातो. म्हणून अडकल्या क्षणीच जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, खोली आणि वेळ लिहून ठेवावी. तुटलेले जाळे फेकू नये.

वाळूचा प्रश्न काय आहे?

लुइझियानाचा किनारा खचतो आहे. तो उभारायला शिप शोलसारख्या बुडालेल्या वाळूच्या पट्ट्यांतून वाळू उपसतात. मध्ये जुनी लाइन असली की ड्रेजरला दोन्ही बाजूंनी बरीच जागा सोडावी लागते आणि तेवढी वाळू हातची जाते. अशा पट्ट्यांत लाइन काढून न्यायला लावण्याचे धोरण आहे. मात्र पूर्वी सोडलेल्या लाइन तिथेच आहेत.

पुढे काढायची वेळ आली तर पैसे कोणाचे?

सोडलेली लाइन नंतर अडथळा ठरली तर पर्यवेक्षक ती काढायला लावू शकतो, तशी तरतूद आहे. पट्टाधारक आणि मार्गहक्कधारक संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. आधीच्या हक्कधारकांवरही जबाबदारी राहते, हे एप्रिल 2023 च्या नियमाने अधिक स्पष्ट केले. पण वीस-तीस वर्षांनी कंपनी विकलेली, विलीन झालेली किंवा दिवाळखोरीत असते. मार्गहक्कासाठी घेतला जाणारा मूळ हमी-बॉण्ड 3 लाख डॉलरचा. जहाज, पाणबुडे आणि क्रेन यांचा हिशेब मांडला की ही रक्कम फार दिवस पुरत नाही. सोडलेल्या लाइन नंतर काढण्यासाठी वेगळा निधी नाही, हेही जीएओने नोंदवले आहे.

व्यापक चित्र 2024 च्या जीएओ अहवालात दिसते. आखातातल्या एकूण डीकमिशनिंगचा अंदाजित खर्च 40 ते 70 अब्ज डॉलर, आणि हाती असलेली जादा हमी सुमारे साडेतीन अब्ज. एप्रिल 2024 मध्ये बीओईएमने हमी वाढवणारा नियम आणला, त्याविरुद्ध राज्ये आणि उद्योग न्यायालयात गेले, आणि 2025 मध्ये सरकारनेच तो बदलण्याचा इरादा जाहीर केला.

एखाद्या ठरावीक लाइनीची नोंद कशी शोधायची?

बीओईएम आणि बीएसईईचे डेटा सेंटर सर्वांना खुले आहे. प्रत्येक तुकड्याला सेगमेंट नंबर असतो. त्यावरून व्यास, लांबी, दोन्ही टोके समुद्रतळाच्या नकाशावरच्या कोणत्या ब्लॉकमध्ये (चौकोनात) आहेत ते, आतले द्रव्य, धारकाचे नाव आणि स्थिती कळते. स्थितीचा संकेत एसीटी असेल तर लाइन चालू, ओयूटी असेल तर बंद, एबीएन म्हणजे जागेवर सोडलेली, आरईएम म्हणजे काढून नेलेली. ओयूटी दिसले तर बंद झाल्याची तारीख पाहून पाच वर्षे मोजावीत. एबीएन दिसले तर मंजुरीचे पत्र आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल मागावा, पिगिंगला सूट दिली होती का ते पाहावे आणि टोके पुरली होती की नाही हे तपासावे. नकाशावरची रेषा लाइन टाकतानाची असते. आज ती तिथेच आहे असे समजू नये.

जमिनीवरच्या सरकारी हद्दीत नियम वेगळे आहेत का?

हो. तिथे जमीन बहुधा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, मार्गहक्क साधारण 30 वर्षांपर्यंतचा आणि नळीची सुरक्षितता पीएचएमएसएकडे. वायूची लाइन सोडताना सर्व स्रोतांपासून तोडायची, आतला वायू काढून टाकायचा आणि टोके बंद करायची. पीएचएमएसएच्या लेखी लाइन एकतर चालू असते किंवा सोडलेली. 'सध्या पडून आहे' अशी सवलत नाही, हे तिने 2016 च्या सूचनेत बजावले होते. पडून असलेल्या लाइनीला चालू लाइनीचेच नियम लागतात, तिथे पाच वर्षांची वाट नाही.

मुंबई हायला हे लागू होईल का?

अमेरिकी नियम अर्थातच नाहीत. पण प्रश्न तोच येणार आहे. मुंबई हायचा शोध 1974 चा, उत्पादन 1976 पासून, आणि उरणकडे येणाऱ्या व प्लॅटफॉर्मांना जोडणाऱ्या लाइनींपैकी काही त्याच पिढीतल्या. भारतात समुद्रातल्या कामांची सुरक्षितता 2008 च्या नियमांनुसार ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षितता संचालनालय) पाहते, आणि जागा पूर्ववत करण्यासाठी कंपन्या साइट रिस्टोरेशन फंडात पैसे ठेवतात. किनाऱ्यावर आल्यावर 1962 चा पाइपलाइन कायदा लागतो. त्यात शेतकऱ्याची मालकी राहते, कंपनीला फक्त वापरहक्क मिळतो. रायगड, पालघरच्या मच्छीमार संस्थांनी आणि शेतकऱ्यांनी लाइन बंद होताना दोन कागद मागून ठेवावेत: कुठला तुकडा कुठे सोडला याचे निर्देशांक आणि सोडल्यानंतर पुन्हा तपासणी केव्हा होणार याचे लेखी वेळापत्रक.

जीएओने नियम बदलण्याबद्दल काय सुचवले?

पाइपलाइनचे नियम सुधारण्याचा मसुदा जुन्या संस्थेने 2007 मध्येच प्रसिद्ध केला होता, तो अंतिम झाला नाही. 2021 मध्ये जीएओने केलेली मुख्य शिफारसही तीच होती: सुधारित नियम तयार करा, अंतिम करा आणि अमलात आणा.